टायरचा साइझ बदलायचाय? आधी मोजा, मग घ्या: स्पीडोमीटर आणि फिटिंग बिघडू न देण्याचा क्रम

टायर झिजले की गाडी थेट दुकानासमोर उभी राहते, जॅक लागतो, चाकं उतरतात आणि मग साइझची चर्चा सुरू होते. "साहेब, एक साइझ वाढवून घ्या, गाडी लई भारी दिसती," असं कुणीतरी म्हणतं आणि दहा मिनिटांत निर्णय होतो. महिन्याभरात तक्रारी येतात. फुल वळवलं की घासतंय, ॲव्हरेज पडलं, मोबाइलवरचा स्पीड आणि काटा जुळत नाही, स्टेपनी लावली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. यातल्या बहुतेक तक्रारींत टायर चांगलाच असतो. जे आधी मोजायचं ते शेवटी मोजलेलं असतं, किंवा मोजलेलंच नसतं.

म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमानं करा. पहिले सहा टप्पे दुकानात पैसे देण्याआधीचे आहेत.

त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. गाडीला स्वतःचा वेग कळत नाही. तिला चाकाचे (काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या शाफ्टचे) फेरे कळतात, आणि एका फेऱ्यात किती अंतर जातं हा आकडा कंपनीनं आत ठरवून ठेवलेला असतो. टायर मोठा घातला की एका फेऱ्यात अंतर जास्त जातं, पण गाडी जुन्याच हिशेबानं मोजते. म्हणून मोठ्या टायरवर काटा कमी दाखवतो आणि गाडी खरी जास्त वेगात असते. लहान टायरवर काटा जास्त दाखवतो आणि गाडी हळू असते. एकूण किलोमीटर मोजणाऱ्या ओडोमीटरचंही तसंच.

## टप्पा १: गाडीचा मूळ साइझ शोधा

गाडीवर आत्ता जो टायर आहे तो कंपनीचा असेलच असं नाही. सेकंडहँड गाडी असेल तर आधीच्या मालकानं साइझ बदललेला असू शकतो, आणि त्याच्यावर आणखी एक साइझ वाढवला की चूक दुप्पट होते. म्हणून ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. त्यावर टायरचा साइझ आणि हवेचं प्रेशर दोन्ही असतं. स्टिकर निघून गेला असेल तर गाडीचं मॅन्युअल उघडा.

त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कुठला साइझ येतो तेही लिहून घ्या. हा सगळ्यात सुरक्षित पर्याय असतो, कारण त्या साइझवर कंपनीनं स्वतः सगळं तपासलेलं असतं. उदाहरणार्थ, स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर१४ आणि वरच्याला १८५/६५ आर१५ आलेला आहे. बलेनोला १८५/६५ आर१५ आणि १९५/५५ आर१६ असे दोन्ही आलेले आहेत.

टायरच्या बाजूवरचे आकडे असे वाचा. १८५/६५ आर१५ ८८एच यात १८५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ हा डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकाचा, व्यास इंचात. ८८ हा भाराचा निर्देशांक आणि एच ही वेगाची खूण. शेजारी लंबगोलात चार आकडे असतात, ती बनवल्याची तारीख. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

तपासा: चारही टायर आणि स्टेपनी, पाचही ठिकाणचे आकडे वाचा. एखादा वेगळा निघतो आणि तोच पुढं त्रास देतो.

## टप्पा २: जुने टायर उतरवण्याआधी काट्याची नोंद करा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात. नवे टायर चढल्यावर जीपीएस लावून "काटा ४ किमी खोटं सांगतोय" असं ठरवतात. पण तो आधी किती खोटं सांगत होता हे माहीतच नसेल, तर नव्या टायरनं काय बदललं ते कळणार कसं?

कंपनीकडून आलेला काटा मुद्दाम थोडा पुढं ठेवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार काट्यानं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमी इतकंच चालतं. खरा वेग ८० असताना काट्यानं ८० ते ९२ च्या मध्ये कुठंही असावं, असा त्याचा अर्थ. ही राखीव जागा तुमच्या गाडीत किती आहे ते आता मोजायचं.

१. सकाळी गाडी थंड असताना स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे हवा भरा. पंपापर्यंत दोन-तीन किमी गेलं तर चालतं, पण कागलहून परत येताना तापलेल्या टायरमध्ये मोजू नका. गरम टायरचं प्रेशर वाढलेलं दिसतं.

२. सरळ आणि सपाट रस्ता निवडा. पुणे–बेंगळुरू महामार्गावर जाणार असाल तर जिथं रुंदीकरणाचं किंवा डायव्हर्जनचं काम नाही तो पट्टा बघा. घाटात ही नोंद घेऊ नका. वळणावर जीपीएसचा आकडा मागं पडतो.

३. मोबाइलवर जीपीएस वेग दाखवणारं कुठलंही ॲप सोबतच्या माणसाच्या हातात द्या. गाडी चालवणाऱ्यानं फक्त रस्ता आणि काटा बघायचा.

४. काटा ४०, ६० आणि ८० वर प्रत्येक वेळी निदान अर्धा मिनिट स्थिर ठेवा आणि जीपीएसचा आकडा लिहा. जाताना एकदा, येताना एकदा.

५. घरी येऊन टायरच्या खाचांची खोली मोजा. पंक्चरवाल्याकडं खोली मोजायची पट्टी असते. नव्या कारच्या टायरला साधारण ८ मिमी खोली असते. १.६ मिमी ही कायद्याची किमान मर्यादा आणि तिथवर आल्याची खूण खाचेतल्या उंचवट्यानं कळते.

खोली का मोजायची? कारण झिजलेला टायर म्हणजेच लहान टायर. ८ मिमीची खाच ३ मिमीवर आली की व्यास १० मिमीनं कमी झालेला असतो. ६२० मिमीच्या टायरला हा दीड टक्क्याहून जास्त फरक. तुम्ही अगदी तोच साइझ नवा घातला तरी ८० च्या काट्यावर जीपीएस ७५ ऐवजी ७६ च्या पुढं दाखवेल. हा फरक नव्या साइझच्या खात्यावर टाकू नका.

सावधान: चाचणीसाठी वेग वाढवायची गरज नाही. ८० ला जो टक्का निघतो तोच पुढच्या हिशेबाला पुरतो.

## टप्पा ३: व्यासाचं गणित कागदावर मांडा

सूत्र सोपं आहे. डिस्कचे इंच गुणिले २५.४. त्यात टायरच्या भिंतीची उंची दोनदा मिळवा, कारण भिंत वरही असते आणि खालीही. भिंतीची उंची म्हणजे रुंदी गुणिले टक्केवारी.

१८५/६५ आर१५ साठी: १५ × २५.४ = ३८१. भिंत १८५ × ०.६५ = १२०.२५. दोनदा म्हणजे २४०.५. एकूण व्यास ६२१.५ मिमी.

आपल्याकडं नेहमी विचारले जाणारे काही साइझ:

- १६५/८० आर१४ : ६१९.६ मिमी
- १८५/६५ आर१५ : ६२१.५ मिमी
- १९५/५५ आर१६ : ६२०.९ मिमी
- २०५/४५ आर१७ : ६१६.३ मिमी
- १९५/६५ आर१५ : ६३४.५ मिमी
- २०५/६५ आर१५ : ६४७.५ मिमी
- १८५/६५ आर१४ : ५९६.१ मिमी

पहिल्या चार ओळी नीट बघा. डिस्क १४ पासून १७ इंचांपर्यंत गेली, तरी चाकाचा एकूण व्यास एक टक्क्याच्या आतच हलला. डिस्क वाढली की टायरची भिंत तेवढी बुटकी होते. "अलॉय (हलक्या मिश्रधातूची डिस्क) एक इंच मोठा घातला म्हणून काटा चुकतो" आणि "मोठा अलॉय घातला की गाडी वर उचलते" हे दोन्ही समज इथंच निकालात निघतात. गाडी किती उचलली जाते ते व्यासावर ठरतं, आणि तेही व्यासाच्या फरकाच्या निम्मंच. १८५/६५ वरून १९५/६५ वर गेलात तर गाडी फक्त साडेसहा मिमी वर येते.

शेवटची ओळ कोल्हापुरातल्या गल्लोगल्ली दिसणारी चूक आहे. १६५/८० आर१४ च्या गाडीला त्याच जुन्या डिस्कवर १८५/६५ आर१४ चढवायचा. टायर रुंद दिसतो म्हणून मालकाला मोठा टायर घातल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात व्यास साडेतेवीस मिमीनं घटलेला असतो, गाडी जवळपास १२ मिमी खाली बसलेली असते आणि काटा आधीपेक्षा जवळपास चार टक्के जास्त दाखवत असतो. खरे १०,००० किमी चाललेल्या गाडीच्या ओडोमीटरवर सुमारे ३९० किमी फुकटचे चढतात. सर्व्हिस लवकर येते, वॉरंटीचे किमी लवकर संपतात. आणि ती गाडी किलोमीटरवर भाड्यानं जात असेल तर गिऱ्हाईकाकडून न चाललेल्या रस्त्याचे पैसे घेतले जातात.

उलट बाजूचं उदाहरण १८५/६५ आर१५ काढून २०५/६५ आर१५. व्यास ४.२ टक्क्यांनी वाढतो. टप्पा २ मध्ये ८० च्या काट्यावर तुमचा जीपीएस ७६ दाखवत होता असं धरू. आता तो ७९ च्या वर जाईल. राखीव जागा जवळपास संपली, पण काटा अजून खोटा पडलेला नाही. ज्याच्या गाडीत मुळातच ८० ला ७९ येत होते, त्याची गाडी मात्र आता ८२ च्या पुढं पळत असेल आणि काटा ८० च दाखवत असेल. स्पीड गनला काट्याशी देणंघेणं नसतं. ती खरा वेग मोजते आणि चलनही खऱ्याच वेगावर येतं. एकाच साइझचा दोन गाड्यांवर वेगळा परिणाम असा होतो, आणि म्हणून टप्पा २ टाळून चालत नाही.

ॲव्हरेजची तक्रारही याच गणितात सुटते. या मोठ्या टायरवर खरे १०,००० किमी गेलात तर ओडोमीटर सुमारे ९,६०० दाखवतो. गाडी खरी लिटरला २० किमी देत असली तरी तुमचा हिशेब १९.२ येणार. रुंद आणि जड टायरनं इंधन थोडं जास्त लागतं हे खरं, पण पडलेल्या ॲव्हरेजमधला मोठा वाटा बऱ्याचदा नुसता मोजणीतला असतो. आधी तो वजा करा, मगच इंजिनला दोष द्या.

मर्यादा किती ठेवायची? टायरच्या धंद्यात तीन टक्क्यांपर्यंत चालतं असं सांगतात. मी मोठ्या बाजूला दोन टक्क्यांवर थांबायला सांगेन. काट्याची राखीव जागा तेवढ्यात सुरक्षित राहते आणि चाकाच्या कमानीत पावसाळ्याला जागा उरते. लहान बाजूला तर एक टक्क्याच्याही पुढं जाऊ नये. आपल्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट आधीच टेकतंय.

तपासा: निवडलेल्या साइझचा व्यास मूळ साइझशी ताडून टक्का लिहा. झिजलेल्या टायरशी तुलना करू नका.

## टप्पा ४: डिस्क जुळते का ते बघा

फक्त टायर बदलत असाल तर जुन्या डिस्कची रुंदी नव्या टायरला चालते का एवढंच बघायचं. डिस्कवर ५.५ जे असा आकडा कोरलेला असतो, तो रुंदीचा इंचातला आकडा. १८५/६५ ला ५ ते ६.५ इंच चालते, १९५/६५ ला ५.५ ते ७, २०५/६५ ला ५.५ ते ७.५. पाच इंची डिस्कवर २०५ चढवता येतो, हवाही भरते, पण टायर मधून फुगीर राहतो, वळताना भिंत लचकते आणि मधला पट्टा आधी झिजतो. दुकानात चढला म्हणजे बसला, असं धरू नका.

नवा अलॉय घेत असाल तर चार गोष्टी जुळायला हव्यात.

नटांचं वर्तुळ. ४×१०० म्हणजे चार नट, १०० मिमीच्या वर्तुळावर. स्विफ्ट, बलेनोला हे चालतं. क्रेटा, ब्रेझाला ५×११४.३ लागतं. ४×९८ आणि ४×१०० मध्ये फक्त दोन मिमीचा फरक आहे आणि नट ओढून-ताणून बसतोही. असं चाक कधीही लावू नका.

मधलं भोक. सुझुकी आणि ह्युंदाईच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचा हब (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा मधला गोल भाग) ५४.१ मिमीचा असतो. बाजारातल्या अलॉयचं भोक मात्र बहुतेक वेळा ७३.१ मिमी असतं, म्हणजे एकच अलॉय अनेक गाड्यांना विकता येतो. मधली पोकळी भरायला हब रिंग लागते. ती न टाकता चाक फक्त नटांवर बसवलं की ८० च्या पुढं स्टिअरिंग थरथरतं, आणि माणूस चार-चार वेळा बॅलन्सिंग करत फिरतो. तयार रिंग मिळाली नाही तर कोल्हापूरकरांना अडचण नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथवर ॲल्युमिनियमची रिंग काढून मिळते. मात्र जाताना नुसते आकडे सांगू नका. अलॉय सोबत न्या, हबचं माप व्हर्नियरनं घ्यायला लावा. रिंग हातानं दाबून बसली पाहिजे आणि हलवली तर खुळखुळता कामा नये.

ऑफसेट. डिस्कवर ईटी ४५ असं लिहिलेलं असतं. हा आकडा कमी झाला की चाक तेवढे मिमी बाहेर येतं, वाढला की आत जातं. समजा मूळ डिस्क ५.५ जे, ईटी ४५ आणि टायर १८५. नवी डिस्क ७ जे, ईटी ३५ आणि टायर २०५. टायर २० मिमी रुंद झाला, म्हणजे दोन्ही बाजूंना १० मिमी. ऑफसेटनं चाक १० मिमी बाहेर आणलं. आतली बाजू जिथल्या तिथं राहिली, बाहेरची बाजू मात्र पूर्ण २० मिमी पुढं आली. मागच्या सीटवर तिघं बसले की हेच २० मिमी मडगार्डच्या कडेला लागतात.

कॅलिपरची जागा. हे डिस्क लहान करणाऱ्यांसाठी. खड्ड्यांना कंटाळून १६ वरून १५ वर येणं शहाणपणाचं असू शकतं, पण पुढच्या ब्रेकचं कॅलिपर (ब्रेक दाबून धरणारा भाग) १५ इंची डिस्कच्या आत मावतं का ते चाक हातानं फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सावधान: माप जुळत नाही म्हणून स्पेसर (चाक आणि हबच्या मध्ये घालायची चकती) टाकून देतो, असं कुणी म्हणालं तर तो अलॉय तुमच्या गाडीचा नाही. दुसरा बघा.

## टप्पा ५: भार आणि वेगाची खूण

नव्या टायरचा भार-निर्देशांक मूळ आकड्याइतका किंवा जास्त हवा. ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५. बुटक्या टायरमध्ये हा आकडा गुपचूप खाली येतो. १८५/६५ आर१५ साधारण ८८ चा मिळतो, पण १९५/५५ आर१६ ८७ चा. गाडीला कंपनीनंच तो साइझ दिलेला असेल तर काळजी नाही. नसेल तर स्टिकरवरचा भार आधी बघा, विशेषतः सीएनजीची टाकी बसवलेल्या गाडीत.

वेगाची खूणही मूळ खुणेच्या खाली जाऊ देऊ नका. टी म्हणजे १९० किमी, एच म्हणजे २१० किमी.

## टप्पा ६: स्टेपनीचं काय?

चार टायर नवे आणि स्टेपनी जुन्याच साइझची, हे सर्रास चालतं. चालायलाही हरकत नाही, पण व्यास जुळत असेल तरच. १८५/६५ आर१५ च्या गाडीला १६५/८० आर१४ ची स्टेपनी निभावते, कारण दोघांच्या व्यासात दोन मिमीचाही फरक नाही. पण २०५/६५ आर१५ घातल्यावर तीच स्टेपनी २८ मिमीनं लहान पडते. एबीएसचे (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चारही चाकांचे फेरे एकमेकांशी ताडून बघतात. एक चाक सतत जास्त फिरतंय असं दिसलं की दिवा लागू शकतो, आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तर आतल्या गिअरवर ताण येतो.

डिकीच्या खड्ड्यात नवं रुंद चाक मावतं का तेही आजच बघून ठेवा. आणि अलॉयचे नट लोखंडी डिस्कला चालतात का ते दुकानदाराला विचारा. चालत नसतील तर जुने नट स्टेपनीसोबत पिशवीत ठेवा. रात्री आंबा घाटात पंक्चर झाल्यावर हा शोध लागू नये.

## टप्पा ७: एक चाक लावून कणकेची चाचणी

दुकानदाराला आधीच सांगा: एकच टायर चढवा, पुढच्या डाव्या बाजूला लावा, जागा बघू, मग बाकीचे. एकदा डिस्कवर चढून रस्त्यावर चाललेला टायर कुणी परत घेत नाही. चांगला दुकानदार या विनंतीला नाही म्हणत नाही.

१. घरून कणकेचा घट्ट गोळा आणा. लिंबाएवढे तीन गोळे करून प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळा.

२. पहिला गोळा शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर, टायरच्या भिंतीसमोर. दुसरा कमानीतल्या प्लास्टिकच्या लायनरवर, पुढच्या बंपरच्या बाजूला. तिसरा लायनरच्या मागच्या बाजूला, दाराच्या खालच्या पत्र्याकडं.

३. गाडी जमिनीवर घ्या. स्टिअरिंग एका टोकाला पूर्ण वळवा, मग दुसऱ्या टोकाला. गाडी उभी ठेवून जोरानं वळवू नका, हळू पुढं-मागं घेत वळवा.

४. आता गाडीत माणसं बसवा. पुढं दोन, मागं तीन, डिकीत वजन. डावं चाक बुटक्या फुटपाथवर किंवा फळीवर चढवा म्हणजे स्प्रिंग दबेल. पुन्हा दोन्हीकडं वळवा.

५. गोळे काढा आणि सगळ्यात चेपलेल्या जागी जाडी मोजा.

शॉकॲब्सॉर्बरपाशी १० मिमीच्या आत आलं तर तो साइझ सोडा. लायनरपाशी मी १५ मिमीच्या खाली जायला तयार नाही, आणि याचं कारण आपली माती आहे. पावसाळ्यात शेताच्या रस्त्यावरून गाडी बाहेर आली की काळी माती लायनरला थापली जाते आणि वाळली की दगडासारखी होते. दुकानात पाच मिमीनं निसटलेला टायर जुलैत रोज त्या मातीवर घासतो. ऊस-पट्ट्यात राहणाऱ्यांनी हा टप्पा दोनदा करावा.

मागच्या चाकाला वळण नसतं, त्यामुळं तिथं फक्त भार देऊन बघा. मडगार्डच्या आतल्या कडेवर खडूनं जाड रेघ मारा, माणसं बसवून एका स्पीडब्रेकरवरून हळू जा, रेघ पुसली का ते बघा.

सावधान: घासलं तर लायनर कापून देतो किंवा मडगार्डची कड ठोकून आत वळवतो, हे उपाय नाकारा. लायनर कापला की पाणी आणि चिखल थेट वायरिंगवर जातो. ठोकलेल्या कडेचा रंग तडकतो आणि पहिल्या पावसात गंज धरतो.

## टप्पा ८: चारही चढवताना

टायरवर बाण असेल तर तो पुढं जाण्याच्या दिशेनं. ‘आउटसाइड’ असं लिहिलेली बाजू बाहेर. प्रत्येक चाक बॅलन्स करून घ्या. हब रिंग बसली का ते स्वतः बघा, कारण ती टाकायची राहून जाते आणि वरून दिसत नाही. नट समोरासमोरच्या क्रमानं आवळा आणि शेवटचा पीळ मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर द्या. एअर गननं जमेल तेवढं आवळणं म्हणजे नटाचे आटे खाणं. सगळ्यात शेवटी अलाइनमेंट.

हवा किती? साइझ त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटचा असेल तर त्या व्हेरिएंटच्या स्टिकरवरचं प्रेशर. टायरच्या भिंतीवर लिहिलेला पीएसआयचा मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, रोज भरायची हवा नव्हे.

प्रेशर दाखवणारी यंत्रणा गाडीत असेल तर तिचा प्रकार विचारा. काही गाड्यांत व्हॉल्व्हला सेन्सर असतो, तो नव्या डिस्कमध्ये हलवावा लागतो. काही गाड्या चाकाच्या फेऱ्यांवरून हवा ओळखतात, तिथं टायर बदलल्यावर यंत्रणा रीसेट करावी लागते.

## टप्पा ९: पुन्हा काटा, त्याच रस्त्यावर

तोच रस्ता, तोच मोबाइल, तेच ४०, ६०, ८०. जुन्या आकड्याशेजारी नवे आकडे लिहा आणि टप्पा ३ मधल्या टक्क्याशी ताडा. टप्पा २ मधली झीज धरली तर दोन्ही हिशेब जवळपास जुळतात. खूप फरक आला तर आधी हवा तपासा, मग टायरवरचा साइझ पुन्हा वाचा. बिलावर एक आणि गाडीवर एक असंही होतं.

जीपीएसवर विश्वास नसेल तर जमिनीवर मोजा. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, ड्रायव्हर आत बसलेला असताना गाडी पाच फेरे सरळ ढकला आणि अंतर टेपनं मोजा. गाडीच्या वजनानं टायर खाली चपटा होतो, म्हणून एक फेरा व्यासाच्या सुमारे ३.०५ पट येतो. १८५/६५ आर१५ ला पाच फेऱ्यांत साडेनऊ मीटरच्या आसपास, २०५/६५ आर१५ ला जवळपास ९.९ मीटर.

तपासा: जीपीएसचा आकडा कुठल्याही वेगाला काट्यापेक्षा जास्त येत असेल तर तो साइझ तुमच्या गाडीवर चालणार नाही. काही गाड्यांत सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरनं टायरचा साइझ बदलून देता येतो, पण कंपनीनं दिलेल्या साइझपुरताच. बाहेर कुणाकडून मीटर उघडून ‘सेट’ करून घेऊ नका. ते ओडोमीटरशी छेडछाड केल्यासारखं दिसतं आणि गाडी विकताना अंगाशी येतं.

## टप्पा १०: पहिले शंभर किलोमीटर आणि कागदपत्रं

नव्या टायरवर पहिले शे-दोनशे किमी जोरात ब्रेक आणि जोरात वळण टाळा. साधारण १०० किमी झाले की नट पुन्हा टॉर्कवर तपासा, अलॉयचे नट सुरुवातीला बसतात. त्यानंतर एकदा पूर्ण भरलेली गाडी पन्हाळ्याला नेऊन आणा. भार, चढ आणि लागोपाठ वळणं एकाच फेरीत मिळतात, आणि घासायचं असेल तर तिथं घासतंच. खाली उतरल्यावर टायरच्या खांद्यावर हात फिरवा. चकचकीत घासलेला पट्टा लागला तर टप्पा ७ कडं परत जा.

मोठा व्यास घेतलेल्यांना गगनबावड्याकडच्या घाटात एक गिअर खाली टाकावा लागेल. मोठ्या टायरनं गिअर उंच केल्यासारखा परिणाम होतो, क्लचचा दोष नाही. बुटक्या भिंतीचा टायर घेतलेल्यांनी दर आठवड्याला हवा बघावी. १८५/६५ ची भिंत १२० मिमी आहे, २०५/४५ ची फक्त ९२. कमी हवेत खड्डा लागला की टायरच्या भिंतीला फुगा येतो आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या तपशिलांशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. आपल्या मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटचा साइझ घेतला तर मॅन्युअलचं पान दाखवता येतं. म्हणून त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बाहेरून बसवलेले अलॉय विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवून घ्या, नाहीतर अपघातात गाडीचे पैसे मिळतात आणि अलॉयचे राहतात. आणि सर्व्हिसच्या वहीत आजची तारीख, ओडोमीटरचा आकडा, नवा साइझ आणि टप्पा ९ मधला टक्का लिहून ठेवा. पुढच्या सर्व्हिसचे किमी आणि ॲव्हरेजचा हिशेब त्या टक्क्यानं दुरुस्त करायचा आहे.